तपासनिसाचं बोट

गिरीशला पाहून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस पहाटे उठून रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायला जातो. प्रत्यक्षात तो आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कमध्ये बँकांची सॉफ्टवेअर सांभाळत असे, आणि अर्धा आठवडा तेही नास गावातल्या आपल्या घराच्या वरच्या खोलीत बसून. दिवसभरात तो उचलत असलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे चहाचा मग. पण अंगात शर्ट मात्र जाड निळ्या डेनिमचा, तिहेरी शिलाईचा. खाणीत, शेतात किंवा रुळांवर कितीही ओढाताण झाली तरी उसवू नये असा.

हे वेड त्याला चाळिशीत लागलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले मजूर असले शर्ट घालत. मळ दिसू नये म्हणून निळे, पेन्सिल अडकवायला खिशाला एक अरुंद कप्पा, आणि फाटला की फेकून द्यायचा. आता जपानात काही हौशी मंडळी जुने माग शोधून काढून तेच कापड विणतात, तसेच शर्ट शिवतात, आणि गिरीशसारखे लोक त्यासाठी रांग लावतात. त्याने या विषयावरची जाडजूड पुस्तकं घरात आणली. त्याच्या बायकोने, वृंदाने, ती सगळी वाचून टाकली, कारण घरात आलेलं छापील काहीही ती सोडत नसे. ती नासच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पाहायचं आणि संध्याकाळी जे हाती लागेल ते वाचायचं, हा तिचा क्रम.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचे आईबाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले. बाबा, म्हणजे शशिकांतराव, पाटबंधारे खात्यातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. जन्म पंख्याखाली गेलेला. गरम कपडे म्हणून त्यांनी एक बिनबाह्यांचा स्वेटर आणि माकडटोपी आणली होती. विमानतळाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "हा उन्हाळा?" आणि पुढचे दोन दिवस ते पांघरुणातून निघाले नाहीत.

गिरीश म्हणाला, "बाबा, माझा शर्ट देऊ का? जाड आहे." पाहुणा उठायला लागल्यावर आपण 'जेवूनच जा' म्हणतो ना, तसं तो म्हणाला होता. बाबांनी सरळ हात पुढे केला.

शर्ट अंगात चढण्याआधी आईने पर्समधला छोटा करंडा काढला आणि शर्टाच्या आतल्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, हळदीकुंकवाचं बोट लावलं.

"आई, तो नवा नाहीये," गिरीश कळवळून म्हणाला. "आठ महिने मीच घालतोय."

"घालणारा नवा तर कपडा नवा," आईने तिथल्या तिथे नियम सांगितला. मग पुढे घरात जे जे नवीन आलं, पडदे, उशांचे अभ्रे, पोस्टाने आलेली गिरीशची पार्सलं, त्यातलं काहीही तिच्या बोटातून सुटलं नाही.

शर्टाचं लेबल बाबांच्या मानेला टोचायला लागलं, तेव्हा आईने ते ब्लेडने उसवून काढलं. जपानी कारागिराचं नाव कोबीच्या देठांसोबत कचऱ्यात गेलं. पण खरा प्रसंग रविवारी घडला. अशा शर्टाला वर्षभर पाणी लावायचं नाही, म्हणजे घालणाऱ्याच्या हालचालींप्रमाणे त्याचा रंग उतरतो, अशी या पंथाची शिस्त आहे. बाबांना ती कुणी सांगितली नव्हती. गिरीश कॉफी घेऊन मागच्या अंगणात आला तर बाबा स्टुलावर बसून साबणाची वडी आणि ब्रशने शर्टाची कॉलर घासत होते. निळं पाणी गटारात चाललं होतं.

"गिरीशराव, मळ किती होता बघा!" बाबा अभिमानाने म्हणाले.

गिरीशने कॉफीचा घोट घेतला. सासऱ्याला काय बोलणार? संध्याकाळी बाबांनी वृंदाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आठ महिने धुतला नव्हता म्हणतो. जावयाची नोकरी ठीक आहे ना गं?"

वृंदाने शर्टाचा इतिहास सांगायचा प्रयत्न केला. बोलता बोलता तिने हेही सांगितलं की मजुरांच्या जाड कपड्यांना इंग्रजीत डंगरी म्हणतात, तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. पूर्वी तिकडून असलं जाडंभरडं कापड जहाजांवर चढत असे.

"म्हणजे माल आपलाच," बाबा म्हणाले. "मग काय, परत आला म्हणायचं." आणि शर्टाचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

तीन महिने शर्ट त्यांच्या अंगावरून उतरला नाही. डाव्या खिशात चष्म्याचं घर, उजव्या खिशात बडीशेपेची गोल डबी. शेजारच्या टॉमीबरोबर ते कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे राहत. आयरिश बोलीतला एकच शब्द त्यांनी उचलला होता, 'ग्रँड'. पाऊस असो, गारठा असो, बाबा 'ग्रँड' म्हणत, टॉमीही 'ग्रँड' म्हणे, आणि दोघं समाधानाने बराच वेळ समोरच्या ढगाकडे पाहत राहत. दर रविवारी ब्रश चालूच. ऑगस्ट उजाडेपर्यंत शर्टाची कोपरं, कॉलर आणि खिसे असे काही उतरले, की गिरीश ते गुपचूप उजेडात धरून पाहत असे. "तीस वर्षं घातला असता तरी माझ्याच्याने हे झालं नसतं," तो वृंदाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की भक्ती, तिला सांगता आलं नसतं.

निघताना बाबांनी शर्ट काढून दारामागच्या खुंटीला लावला. "नागपुरात हा घालून मेलो तर लोक म्हणतील, उकडून मेला. राहू दे इथंच. पुढच्या वर्षी लागेल."

जानेवारीत ते झोपेतच गेले. वृंदाला विमान मिळालं, पण ती पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तेरावा झाल्यावर ती परत आली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली. कशी सावरली बघा, असं लोक म्हणाले. खुंटीवरचा शर्ट तिने पाहुण्यांच्या खोलीतल्या प्रेसमध्ये नेऊन ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि एव्हाना तीही म्हणायला लागली होती. अधूनमधून ती प्रेस उघडायची, शर्टाच्या उजव्या खिशाला नाक लावायची आणि प्रेस बंद करून खाली येऊन कुकर लावायची. गिरीशला हे माहीत नाही, असा तिचा समज होता.

या वर्षी मे महिन्यात आई एकटी आली. विमानतळावर आईचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये ठेवताना वृंदाला आतला करंडा दिसला. पण वृंदाने तिला नवा रेनकोट आणून दिला तेव्हा आईने घडी उलगडली, अंगात घातला, "बरा आहे" म्हणाली आणि काढून ठेवला. बोट लावलं नाही. वृंदाने पाहिलं, विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस वृंदा हॉस्पिटलातून आली, तर ओट्यावर एक भलं मोठं स्टीलचं भांडं होतं. पाळण्यासारखं लांबट, दोन्ही टोकांना कड्या, वर झाकण, आत उचलून काढता येईल अशी जाळी.

"बघ!" आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "अळूवड्यांचं भांडं! पूर्ण लांबीचा उंडा बसतो. इथल्या लोकांना अळूवडी माहीत नाही म्हणे, मग हे काय आहे बाप्पा?"

ते अख्खा सॅमन मासा वाफवायचं भांडं होतं. वृंदाने गिरीशकडे पाहिलं. गिरीशने छताकडे पाहिलं. आई लसूणसुद्धा चातुर्मासात खात नसे.

"कुठून आणलंस?" वृंदाने विचारलं.

"मेन स्ट्रीटवरच्या बोहारणीकडून."

"इथे बोहारीण कुठली?"

"ते जुन्या कपड्यांचं दुकान नाही का! फुकटच घेऊन राहिली होती बाई. मी म्हटलं, असं कसं? अख्खी पिशवी कपडे देतो, एक भांडं नाही? मी हललीच नाही तिथून."

गिरीश हसायला लागला. वृंदा मात्र हसली नाही. "कुठले कपडे?" तिने विचारलं.

"वरच्या खोलीतले. ह्यांचा स्वेटर, टोपी, तो निळा शर्ट." आईने भांड्यावरून हात फिरवला. "गेलेल्या माणसाचे कपडे असे कोंडून ठेवू नयेत गं. कुणाच्या तरी अंगावर जावेत. तिकडचे सगळे मी तेराव्यालाच वाटले. इथले राहिले होते, ते डोक्यात होतं माझ्या."

"असू दे," वृंदा म्हणाली. मग ती चहा ठेवायला वळली आणि चहाच्या आधणात तिने मीठ टाकलं.

गिरीशने आधण ओतून दिलं. "उद्या दुकानात जाऊन विचारू," तो म्हणाला.

"तुझा महागाचा शर्ट होता," वृंदा म्हणाली.

"माझा कुठला?" तो म्हणाला. "माझा तर मागच्या मेपासून नाहीये. आणि वृंदा, त्या प्रेसचं दार करकरतं. खालपर्यंत ऐकू येतं."

दुकानात बसणारी बाई धर्मादाय संस्थेची सेविका होती, नाव बर्नडेट. वृंदाने आईचं वर्णन सुरू करताच ती खुर्चीत मागे टेकली.

"तुमची आई! देवा! तिने पिशवी दिली, मी थँक्यू म्हटलं. ती उभीच. मी पुन्हा थँक्यू म्हटलं. ती उभीच. मला वाटलं, बाईला बरं वाटत नाही, म्हणून खुर्ची दिली. खुर्चीत बसून तिने त्या भांड्याकडे बोट दाखवलं आणि जाईपर्यंत बोट खाली केलं नाही. बावीस वर्षं इथे आहे मी, असं कुणी केलं नाही."

"आणि शर्ट?"

"तो गेला. गॉलवेहून एकजण येतो जुने कपडे चाळायला, फिंटन नावाचा. शर्ट हातात घेतला आणि तो भिंतीलाच टेकला. मला वाटलं, यालाही खुर्ची द्यावी लागणार."

शनिवारी तिघं गॉलवेला निघाले. गिरीशने आपला सर्वांत लाडका कोट घातला होता. पांढऱ्या-निळ्या बारीक पट्ट्यांचा, अमेरिकन रेल्वे कामगाराचा, आणि हा जपानी नव्हे, खरोखर सत्तर वर्षांपूर्वीचा. कपडेवाल्याकडे जायचं तर कपड्यांतलं कळणारा माणूस म्हणून जावं, असा त्याचा विचार. मागच्या सीटवर आई मांडीवर भांडं घेऊन बसली होती.

"आई, ते कशाला?" वृंदाने विचारलं.

"शर्ट परत मागायचा तर भांडं परत द्यावं लागेल. आपण शब्दाचे पक्के." मग भांडं जरा जवळ ओढून, "नाही घेतलं त्यानं तर चांगलंच आहे."

रस्ताभर आई अधूनमधून झाकण उघडून आत पाहत होती आणि पुन्हा लावत होती. अॅथलोनच्या पुढे ती म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी कशाला दिला असता."

"मी सांगायला हवं होतं," वृंदा म्हणाली. दोघींपैकी कुणालाच याहून जास्त बोलायची सवय नव्हती.

फिंटनचं दुकान एका बोळात होतं. आत जुन्या कापडाचा आणि मेणाचा वास. फिंटन साठीचा, उंच, गळ्यात टेप. आणि समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, दोन्ही हात पसरून, बाबांचा शर्ट. खाली चिठ्ठी: 'रेल्वे फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. ओहायो किंवा पेनसिल्व्हेनिया. अंदाजे १९३८.'

आई हात जोडता जोडता थांबली.

"तो विकायला नाहीये," त्यांची नजर पाहून फिंटन लगेच म्हणाला. "बाकी दुकान घेऊन जा. तो नाही."

वृंदा बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात गिरीश अगदी नकळत म्हणाला, "का बरं?" आणि फिंटन सुरू झाला. असा प्रश्न विचारणाऱ्याची तो बहुधा वर्षानुवर्षं वाट पाहत असावा.

"कोपरं पाहा. दोन्ही कोपरांवर एकसारखा रंग उतरलाय. हा माणूस इंजिनाच्या खिडकीवर कोपरं टेकून तासन् तास पुढे पाहत उभा राहायचा. पुढचा सिग्नल, पुढचं वळण."

वृंदाला टॉमीची भिंत दिसली. पुढचा ढग.

"कॉलर पाहा. जवळजवळ पांढरी. उडत्या ठिणग्या आणि ऊन. तीस वर्षांची नोकरी, कमीत कमी."

"रविवारचा ब्रश," गिरीश मराठीत पुटपुटला. तरी त्याची मान डोलतच होती. वृंदाने त्याच्या पायावर पाय दिला.

"लेबल नाही. फाटलेलं नाही, मुद्दाम कापलंय, पात्याने. म्हणजे युनियनचा माणूस. मालकाचं नाव अंगावर नको म्हणाला. तत्त्वाचा माणूस!" फिंटनचा आवाज खाली आला. "आणि ही उजव्या खिशावरची गोल खूण, ही तंबाखूची डबी. आत अजून चुरा आहे. मी हात लावलेला नाही. वाफसुद्धा दिली नाही. वाफ दिली की इतिहास उडून जातो."

"काय म्हणून राहिला हा?" आईने विचारलं.

"म्हणतो, बाबा तंबाखू खायचे."

"मेलं तोंड याचं!" आई म्हणाली. "सुपारीसुद्धा सोडली होती त्यांनी!"

"आई काय म्हणाल्या?" फिंटनने आदराने विचारलं.

"त्यांना शर्ट आवडला," वृंदा म्हणाली.

"आवडणारच. पण खरी गोष्ट अजून दाखवलीच नाही मी." त्याने चौकट खाली घेतली, पांढरे हातमोजे चढवले, मागची पट्टी काढली आणि शर्टाचा डावा कोपरा उलटा केला. तिथे पिवळसर कडेचा, तांबूस, बोटाएवढा डाग होता. "कारखान्यातल्या तपासनिसाची खूण. प्रत्येक शर्ट तपासून पुढे सोडला की तपासनीस खूण करायचा. पेन्सिलीने, खडूने केलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात. ही बोटाची आहे. दोन रंगांत! कुठल्याही पुस्तकात नाही. ही माझी खात्री, हा शर्ट जगात एकटा आहे." त्याने डागाशेजारी आपलं बोट धरलं. "लहान आहे बघा. बहुधा बाई असावी."

आतापर्यंत त्याने बांधलेल्या अंदाजांत एवढा एकच खरा होता.

आईने इंग्रजी शब्द पकडले नसले तरी तो कुठे बोट दाखवतोय ते पाहिलं होतं. ती पुढे झाली, भांडं काउंटरवर ठेवलं आणि गिरीशच्या कोटाची खालची डावी कड पकडून उलटी केली.

तिथे तसाच डाग होता. पिवळी कड, तांबूस मध्य, बोटाएवढा.

"आई!" गिरीश ओरडला. "या कोटाला पण?"

"पार्सल आलं त्या दिवशीच लावलं. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

फिंटन खाली वाकला. त्याने खिशातून भिंग काढलं. एकदा कोट पाहिला, एकदा शर्ट, पुन्हा कोट. मग तो हळूहळू सरळ झाला आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"तीच!" तो म्हणाला. "तीच तपासनीस! शर्ट आणि कोट, एकाच बाईच्या हाताखालून गेलेले! तुम्हाला कळतंय का, हे काय आहे? कोण होती ही बाई? कुठल्या गावची?"

गप्प राहणं वृंदाला उत्तम जमत असे. जानेवारीपासून ती तेच करत आली होती. हॉस्पिटलात, फोनवर, त्या प्रेसपुढे उभी असतानाही. आत्ताही ती गप्प राहिली असती तर हा भला माणूस आयुष्यभर सुखात राहिला असता आणि शर्ट काचेमागे.

"नागपूरची," ती म्हणाली. "ही इथे उभी आहे. आणि शर्ट माझ्या वडिलांचा आहे. ते फायरमन नव्हते. हिशेबाच्या खात्यात होते. शेजाऱ्याच्या भिंतीवर कोपरं टेकून ढग बघायचे. जानेवारीत गेले." ती शर्टाजवळ सरकली. "मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. मला तो शर्ट परत हवाय."

इतकी वाक्यं तिने या विषयावर एका दमात कुणापुढेच उच्चारली नव्हती. आईने तिच्याकडे पाहिलं आणि मग भांड्याच्या झाकणाकडे पाहत राहिली.

फिंटनने भिंग खिशात ठेवलं. हातमोजे काढले, तळहात पँटला पुसले, आणि काउंटरच्या पुढे येऊन त्याने आधी आईशी, मग वृंदाशी, मग गिरीशशी हात मिळवला. प्रत्येकाला तो तेच म्हणाला, तुमच्यावर ओढवलं त्याचं वाईट वाटतं. मयताच्या घरी म्हणायचं हे इथलं ठरलेलं वाक्य. वृंदाने ते हॉस्पिटलात शेकडो वेळा ऐकलं होतं. तिला आजवर ते कुणी म्हटलं नव्हतं, कारण तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

"एकोणीसशे अडतीस नाही तर," फिंटन म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वीचा आहे," गिरीश हळूच म्हणाला. "जपानी."

"पण मग हा रंग? हा रंग दोन वर्षांत येत नाही!"

"तीन महिन्यांत आला," गिरीश म्हणाला. "माझ्या सासऱ्यांनी आणला." आणि हे म्हणताना त्याची छाती अशी फुगली, जणू त्या ब्रशची कल्पना त्याचीच होती.

फिंटनने शर्टाची घडी केली आणि वृंदाच्या हातात दिली. "घेऊन जा. याचे पैसे मी घेणार नाही."

वृंदाने आईला सांगितलं. आई ताठ झाली. "फुकट? नाही. बोहारणीकडून फुकट नाही घेत आपण." तिने भांडं पुढे सरकवलं. एका बोटाने का होईना, कडी धरून ठेवली होती.

"अरे वा," फिंटन झाकण उचलून म्हणाला. "सुंदर आहे. यात सहा किलोचा सॅमन सहज..."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, भांडं फार चांगलं आहे," वृंदा म्हणाली, "पण तुझ्याकडेच शोभेल."

आईने तत्काळ भांडं मागे ओढलं. पण देणं तर राहिलंच. मग गिरीशने कोटाची वरची गुंडी काढली. मग दुसरी. तिसऱ्या गुंडीपाशी त्याचा हात थांबला.

"गिरीश, नको," वृंदा म्हणाली. "दोन वर्षं शोधत होतास तू तो."

"शोधायची मजा असते," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र त्यात काही मजा आहे असं सांगत नव्हता. त्याने कोट काढला, एकदा उजेडात धरला, आणि काउंटरवर ठेवला. "हा खरा आहे. सत्तर वर्षांचा. फक्त बोट नागपूरचं आहे."

फिंटन नको नको म्हणत होता, पण त्याचा हात कोटावर केव्हाच पोचला होता. त्याने जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहायला घेतली. आईचं नाव अक्षर अक्षर विचारून घेतलं. बाहेर पडताना वृंदाने मागे वळून पाहिलं. चौकटीत कोट होता आणि खाली लिहिलेलं होतं: 'रेल्वे कामगाराचा कोट. तपासनीस: पद्मिनी, नागपूर.'

"एवढा मोठा कोट दिला," बोळात आल्यावर आई म्हणाली, "तर वर एक छोटी कढई मागायला हवी होती."

गाडीत गिरीशने हीटर पूर्ण चालू केला. नुसत्या टी-शर्टात तो कुडकुडत होता. वृंदा या वेळी मागे, आईजवळ बसली होती. शर्ट तिच्या मांडीवर. तिने उजवा खिसा उघडून नाकाशी नेला. भाजलेली बडीशेप, थोडा ओवा, थोडी जवस. होतं सगळं, आत शिवणीत.

"आता परत प्रेसमध्ये ठेवशील," आई समोर पाहत म्हणाली.

"नाही."

"मग?"

वृंदाने कार्डिगन काढलं. शर्ट अंगात घालण्याआधी तिने त्याचा कोपरा उलटा करून आईपुढे धरला. "बोट लाव."

आईचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला. "मी कशी लावू गं आता?"

"घालणारा नवा तर कपडा नवा. तूच म्हणालीस."

"ते तेव्हा. आता मी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. खिडकीतून दगडी कुंपणं मागे जात होती, त्यांत ओल्या मेंढ्या. गिरीशने आरसा जरा वर फिरवला, मागचं दिसू नये म्हणून.

"करंडा तर आणलास नागपूरहून," वृंदा म्हणाली.

"टाकू कुठं?" आई म्हणाली. आणि मग बऱ्याच वेळाने पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. आईने करंड्यात बोट बुडवलं, त्याकडे एकदा पाहिलं, आणि जुन्या डागाशेजारी नवीन बोट उमटवलं. जरा जोरातच. गाडी खड्ड्यातून गेली म्हणून ते थोडं तिरकं लागलं.

वृंदाने शर्ट घातला. खांदे उतरले, बाह्या बोटांच्या पुढे आल्या. बाबा काही तिच्याहून फार मोठे नव्हते, निदान तिला तसं वाटत आलं होतं. तिने बाह्या दुमडल्या नाहीत. तिने उजवी बाही नाकाडोळ्यांना लावली ती अॅथलोन येईपर्यंत काही केल्या खाली घेतली नाही. तिच्या तोंडून येणारा आवाज तिलाच ओळखीचा नव्हता. आईने भांडं पायाशी ठेवलं आणि तिच्या पाठीवरून, जाड डेनिमवरून, हात फिरवत राहिली.

पुष्कळ वेळाने आईने वाकून ती बाही निरखली.

"बघ काय केलंस," ती म्हणाली. "आता तरी धुवावाच लागेल."

"नाही!" पुढून गिरीश आणि मागून वृंदा एकदमच म्हणाले.